कॅन्टोनीजमध्ये आपत्ती आणि जबाबदारीचे शब्द कसे शिकावेत

पूर, आग, वादळ, भूकंप अशी यादी करून पाठ करणं हा आपत्तीचे शब्द शिकण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कुचकामी मार्ग आहे. यादी आठवड्यात पाठ होते आणि पहिल्याच खऱ्या संभाषणात हातातून निसटते. कारण ही भाषा जिथे बोलतात त्या हाँगकाँगमध्ये दुर्घटनेचा विषय निघाला की 'काय झालं' यावर बोलणं फार वेळ थांबत नाही. लगेच प्रश्न येतो: पिन्१ कॉ३ फू६ चाक्३? (आकड्यांचा अर्थ पुढे येतो.) म्हणजे, जबाबदार कोण? तिथे यादीवाला गप्प बसतो. म्हणून प्रत्येक संकटाचा शब्द त्याच्या कर्त्यासकट शिकायचा. मराठी माणसाला हे जड नाही. 'काच फुटली' आणि 'काच फोडली' यांतला फरक आपण लहानपणीच शिकतो, बऱ्याचदा मार खाऊन.

आधी लिहिण्याची पद्धत ठरवून घेऊ. कॅन्टोनीज शिकवणारी बरीच पुस्तकं रोमन लिपीतली युतपिङ् पद्धत वापरतात. ती जरूर शिका, पण पहिले दोन महिने शेजारी देवनागरी ठेवा. रोमन 'बी, डी, जी' पाहून आपण ब, ड, ग म्हणतो आणि 'टी' पाहून ट म्हणतो. कॅन्टोनीजमध्ये यांपैकी एकही आवाज नाही. तिथे आहेत प, त, क आणि त्यांचे महाप्राण जोडीदार. हा अल्पप्राण-महाप्राण भेद इंग्रजीतून शिकणाऱ्याला महिनोन् महिने छळतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला आहे. इथे वापरलेले नियम असे:

प, त, क हे नेहमीचे. थ आणि ख नेहमीचेच महाप्राण. 'फ' लिहिलं असेल तिथे ओठ-दात टेकवून 'फॅन'मधला फ म्हणा. 'फळ'मधल्यासारखा खरा महाप्राण हवा असेल तिथे 'प्ह' लिहिलं आहे. च म्हणजे 'चमचा'मधला दंत्य च, आणि छ म्हणजे त्याच जागेवरून श्वास सोडून म्हटलेला आवाज. 'औ' म्हणजे आखूड अउ आणि 'आउ' म्हणजे लांब. तसंच 'ऐ' आखूड आणि 'आइ' लांब. ही आखूड-लांब जोडी पाळली नाही तर शब्दच बदलतो. 'यू' म्हणताना ओठ ऊचे आणि जीभ ईची. 'ॅ' असलेल्या अक्षरात ओठ गोल करा.

शब्दाच्या शेवटी प्, त्, क् आला की हवा तोंडातच अडवून तिथेच थांबा. 'चाक्' म्हटल्यावर शेवटचा क फुटल्याचा आवाज येता कामा नये. मराठीत आपण तो सोडतो, आणि ऐकणाऱ्याला एक जास्तीचं अक्षर ऐकू येतं. तळहात तोंडासमोर धरा. शेवटी हवा लागली तर चुकलं.

शेवटचा आकडा म्हणजे स्वर, अर्थात आवाजाची उंची. १ उंच आणि सपाट, २ खालून वर चढणारा, ३ मधला सपाट, ४ खाली उतरणारा, ५ तळाशी थोडासा चढणारा, ६ खालचा सपाट. हे सहा स्वर लक्षात ठेवायला हाँगकाँगचे शिक्षक अंकांचीच एक ओळ वापरतात: तीन, नऊ, चार, शून्य, पाच, दोन. म्हणजे साम्१ कौ२ सेइ३ लिङ्४ ङ्५ यी६. रोज सकाळी दहा वेळा म्हणा. नवा शब्द आला की त्याचा स्वर या ओळीतल्या कुठल्या अंकासारखा आहे ते आधी ठरवा, मगच शब्द उच्चारा.

आपत्तीच्या शब्दांत स्वर चुकला की काय होतं, ते पाहा. फॉ२ म्हणजे आग, फॉ३ म्हणजे माल. फॉ२ छे१ ही आगगाडी आणि फॉ३ छे१ हा मालट्रक. अपघाताची माहिती देताना हा एक स्वर चुकला तर मदत रुळाकडे जायची की रस्त्याकडे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. सेइ२ म्हणजे मरण, सेइ३ म्हणजे चार. खोइ५ म्हणजे तो किंवा ती, खोइ४ म्हणजे गटार. ही शेवटची जोडी पुढे उपयोगी पडणार आहे.

आणखी एक खास आपली चूक. प्रश्न विचारताना आपण वाक्याचं शेपूट वर उचलतो. 'जबाबदारी?' असं विचारायला गेलात आणि चाक्३ यम्६ मधला यम्६ वर चढवलात, तर तो यम्२ होतो, म्हणजे 'पिणे'. कॅन्टोनीजमध्ये प्रश्न स्वराने विचारत नाहीत, शेवटी छोटा शब्द लावतात. साध्या चौकशीला आ३, आश्चर्याने विचारायचं तर मे१. शब्दाचा स्वर जागचा हलवायचा नाही.

आता शब्द. सगळ्यात वरची जोडी थिन्१ चॉइ१ आणि यन्४ वॉ६. पहिली आकाशातून आलेली आपत्ती, दुसरी माणसाने ओढवलेली. आपल्या अस्मानी-सुलतानीच्या इतकी जवळची जोडी दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल. चारही अक्षरं सलग म्हटली, थिन्१ चॉइ१ यन्४ वॉ६, की 'सगळ्या प्रकारची संकटं' असा अर्थ होतो. पण वाद घालताना लोक ती तोडून वापरतात: हे थिन्१ चॉइ१ नव्हे, यन्४ वॉ६ आहे. या दोन टोकांच्या मध्ये यी३ ङॉइ६, म्हणजे अपघात, बसतो.

वादळ-पावसापासून सुरुवात करा, कारण हे शब्द हाँगकाँगमध्ये दर उन्हाळ्यात कानावर पडतात. पाठ्यपुस्तकात वादळाला नाम असतं. रस्त्यावर लोक क्रियापद वापरतात, ता२ फुङ्१, शब्दशः 'वारा मारतो'. इशाऱ्याला म्हणतात फुङ्१ खौ४, वाऱ्याचा गोळा, कारण पूर्वी खांबावर खरोखरच खुणा टांगत असत. त्यामुळे आजही इशारा 'टांगतात': क्वा३ पॉ१. आणि मागे घेतला की लॉक्६ पॉ१, गोळा उतरला. यातला पॉ१ हा इंग्रजी बॉलवरून आलेला, फुटबॉलला वापरतात तोच शब्द. इशारे देते थिन्१ मन्४ थॉइ४, म्हणजे वेधशाळा.

इशाऱ्यांचे आकडे १, ३, ८, ९, १० असेच आहेत. तीनवरून एकदम आठ का, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. पूर्वी वाऱ्याच्या दिशेप्रमाणे ५ ते ८ असे चार वेगळे आकडे होते. १९७३ पासून त्या चारहींना आठच म्हणू लागले आणि दिशा वेगळी सांगू लागले. पात्३ होउ६, म्हणजे आठ नंबर, हा शब्द ऐकू आला की वारा ताशी ६३ ते ११७ किलोमीटरचा अपेक्षित आहे, शाळा बंद, बहुतेक कचेऱ्याही बंद. दहा नंबर म्हणजे ११८ किंवा त्याहून जास्त. १६ सप्टेंबर २०१८ ला मांगखुत वादळाच्या वेळी तो लागला होता. त्या वादळाला कॅन्टोनीजमध्ये सान्१ चुक्१ म्हणतात.

पावसाला रंग आहेत: वॉङ्४ यू५ पिवळा, हुङ्४ यू५ लाल, हक्१ यू५ काळा. उंबरठे तासाला ३०, ५० आणि ७० मिलिमीटर. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री वेधशाळेत एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हे आकडे शब्दाबरोबरच पाठ करा. 'हक्१ यू५' म्हणजे नुसता 'काळा पाऊस' हे भाषांतर डोक्यात राहिलं, तर तो शब्द ऐकून बाहेर पडायचं की थांबायचं हे सुचणार नाही.

इथून पुढे प्रत्येक संकटासाठी वहीचं एक पान घ्या आणि त्यावर चार ओळी आखा. पहिली ओळ 'आपोआप झालं', दुसरी 'कुणीतरी केलं', तिसरी 'घरी-दारी कसं म्हणतात', चौथी 'बातमीत कसं म्हणतात'. आठ-नऊ पानं पुरेत. त्याहून जास्त संकटं एकदम घेऊ नका, दुसरी ओळ रिकामी राहू लागते आणि पुन्हा यादीच होते.

आगीचं पान भरून पाहू. आपोआप: चॅक्६ फॉ२, पेटलं. कुणीतरी केलं: फॉङ्३ फॉ२, आग लावली, हा गुन्ह्याचा शब्द आहे, जपून वापरा. घरी-दारी: फॉ२ चुक्१. बातमीत: फॉ२ किङ्२. फॉ२ चुक्१ शब्दशः 'आग-मेणबत्ती', पण मराठी कानाला त्यात 'चूक' ऐकू येते, त्याच दंत्य च सकट. लक्षात ठेवायला यापेक्षा चांगली खूण मिळणार नाही. बातमीत आगीला पायऱ्या असतात, एक ते पाच. साम्१ खप्१ फॉ२ म्हणजे तिसऱ्या पायरीची आग. ही पायरी किती बंब आणि माणसं बोलावली ते सांगते, किती जण दगावले ते नव्हे. हा गैरसमज फार होतो.

पुराच्या पानावर कर्ता शोधणं जास्त मजेशीर आहे. पाणी तुंबलं: सोइ२ चम्३. हा शब्द घरी आणि बातमीत दोन्हीकडे चालतो. पण का तुंबलं? सक्१ खोइ४, गटार तुंबलं. आणि कुणी तुंबवलं? यौ५ यन्४ सक्१ चॉ२ थिउ४ खोइ४, कुणीतरी गटार तुंबवलं. क्रियापद तेच, सक्१. फरक एवढाच की पुढे माणूस, म्हणजे यन्४, उभा केला. इथे खोइ४ ऐवजी खोइ५ म्हणालात, तर गटाराच्या जागी 'तो' येईल आणि समोरच्याला वाटेल की तुम्ही कुणाला तरी कोंडल्याचं सांगताय.

कोसळण्यासाठी बोलीत लम्३, बातमीत तोउ२ थाप्३. दरड कोसळली तर हाँगकाँगचा खास शब्द सान्१ नै४ खिङ्१ से३, डोंगरमाती ओतली जाणे.

आता या सगळ्याचं मर्म असलेला शब्द: चिङ्२. मराठीत 'तुटणे'चं 'तोडणे', 'जळणे'चं 'जाळणे' होतं, तेच काम कॅन्टोनीज क्रियापदापुढे चिङ्२ लावून करते. चेक्३ पुइ१ लान्६ चॉ२: कप फुटला. खोइ५ चिङ्२ लान्६ चॉ२ चेक्३ पुइ१: त्याने कप फोडला. लम्३ चॉ२, कोसळलं. चिङ्२ लम्३ चॉ२, कोसळवलं, पाडलं. वहीच्या दुसऱ्या ओळीसाठी दुसरा शब्द सापडत नसेल तर बहुतेक वेळा चिङ्२ लावून काम भागतं. घरातल्या दहा वस्तू घ्या आणि प्रत्येकीवर ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. वीस वाक्यांनंतर चिङ्२ विचार न करता तोंडात येतो.

कर्मणी वाक्यात तर कॅन्टोनीज मराठीपेक्षाही कडक आहे. 'त्याला ढकललं गेलं' असं आपण कर्ता गाळून म्हणू शकतो. बोली कॅन्टोनीजमध्ये पेइ२ या शब्दानंतर कुणीतरी यावंच लागतं. नाव माहीत नसेल तर निदान 'माणूस': खोइ५ पेइ२ यन्४ थोइ१, त्याला कुणीतरी ढकललं. इथला यन्४ गाळणं ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक आहे, त्यातही मंडारिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, आधी शिकलेल्यांची जास्त. बातमीची भाषा मात्र वेगळी. तिथे पेइ६ वापरतात, स्वर सहावा, आणि त्यानंतर कर्ता गाळता येतो: पेइ६ ख्वन्३, अडकले. म्हणून एकच घटना बातमीत कर्त्याशिवाय ऐकू येते आणि चहाच्या टेबलावर कर्त्यासकट. दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत.

जबाबदारीच्या शब्दांना एक वेगळं पान द्या. मुळाशी चाक्३: चाक्३ यम्६ जबाबदारी, फू६ चाक्३ जबाबदारी घेणे, मन्६ चाक्३ जाब विचारणे. १ जुलै २००२ पासून हाँगकाँग सरकारमधल्या प्रमुख अधिकाऱ्यांसाठी जी व्यवस्था आली तिच्या नावातच मन्६ चाक्३ आहे, त्यामुळे राजकीय बातम्यांत हा शब्द वारंवार भेटतो. चोइ१ कौ३ म्हणजे पाठपुरावा करून जबाबदार शोधणे. यातला कौ३ आणि 'वाचवा' या अर्थाच्या कौ३ मेङ्६ मधला कौ३ ऐकायला अगदी सारखे आहेत, चिनी अक्षरं मात्र वेगळी. सॉ१ फत्१ निष्काळजीपणा, यन्४ वै४ मानवनिर्मित, तिउ६ छा४ चौकशी, थौ१ कुङ्१ काम्२ लिउ२ म्हणजे काम चोरणे आणि माल कमी घालणे, बांधकामाच्या तक्रारीत हमखास येणारा शब्दप्रयोग.

आणि मग बोलीतलं सोनं. मराठीत दोषाचं खापर डोक्यावर फुटतं. कॅन्टोनीजमध्ये कढई पाठीवर येते. मे१ वॉक्६: मे१ म्हणजे पाठीशी बांधून वाहणे, आई तान्ह्याला वाहते तसं, आणि वॉक्६ ही कढई. ताइ६ वॉक्६, 'मोठी कढई', म्हणजे मोठी आफत. सिक्६ सेइ२ माउ१, मेलेलं मांजर खाणे, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचा दोष स्वतःवर येणे. या दोन्हींत फरक आहे आणि तो जपायला हवा: कढई वाहणारा खरा दोषी असू शकतो किंवा नसूही शकतो, मेलेलं मांजर खाणारा नेहमी निर्दोषच असतो. से३ पॉक्३, खांद्यावरचं उतरवणे, हे आपलं अंग झटकणे. त्याचं औपचारिक रूप थोइ१ से३ चाक्३ यम्६. हे वाक्प्रचार ऑफिसात, मित्रांत खुशाल वापरा. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांच्यासमोर कढई आणि मांजर काढू नका, तिथे चाक्३ यम्६ म्हणा आणि मृत्यूला क्वॉ३ सन्१.

वाक्याच्या शेवटचे छोटे शब्दही दोष वाढवतात-घटवतात. म्४ सिउ२ सम्१, चुकून झालं. त्याला चे१ जोडा: म्४ सिउ२ सम्१ चे१, चुकून तर झालं, एवढं काय. एका अक्षरात जबाबदारी लहान होते. कुणी चूक कबूल करतोय की उडवून लावतोय हे ऐकताना आधी वाक्याचं शेपूट ऐका. माफी मागतानाही तेच भान हवं. म्४ होउ२ यी३ सी१ हे धक्का लागल्यावर म्हणायचं; खरं नुकसान झालं असेल तर तोइ३ म्४ चू६; जाहीर माफी म्हणजे तोउ६ हिप्३. मोठ्या चुकीवर पहिला शब्द वापरलात तर ते से३ पॉक्३ वाटेल. थेट कबुली द्यायची तर है६ ङॉ५ छॉ३, चूक माझी. ङॉ५ मधला ङ अनेक जण गाळतात आणि ऑ५ म्हणतात, तसंच न चा ल करतात. त्यामुळे चॉइ१ नान्६, म्हणजे आपत्ती, हे चॉइ१ लान्६ असं ऐकू आलं तर गोंधळू नका.

दोष ठरलेला नसताना वाइ४ यी४, 'संशय आहे की', हा शब्द वाक्यात आधी घाला. बातमीदारही तेच करतात.

वेळापत्रक साधं ठेवा. दिवसाला एक पान, म्हणजे चार ओळी आणि फार तर आठ नवे शब्द. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी तेच पान पुन्हा. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य लिहा, सुटा शब्द नको. मागे देवनागरी उच्चार आणि चिनी अक्षरं. स्वतःचा आवाज फोनवर घ्या आणि बातमीतल्या आवाजाशेजारी ऐका. सराव कुणा ज्येष्ठ माणसासमोर करत असाल, तर 'तुमचं घर कोसळलं' असली वाक्यं करू नका. समोरून छॉइ१! असा आवाज येईल, म्हणजे 'अभद्र बोलू नकोस'. बोलून गेलातच तर ताइ६ कत्१ लेइ६ सी६ म्हणून सावरून घ्या.

मदतीची वाक्यं मात्र पहिल्याच दिवशी, इतर सगळ्याआधी. नंबर कौ२ कौ२ कौ२, म्हणजे ९९९. आधी जागा सांगा, है२ लावून, मग मजला: पात्३ लौ२, आठवा मजला. मग नी१ तोउ६ फॉ२ चुक्१, इथे आग लागली आहे. यौ५ यन्४ सौ६ सॅङ्१, कुणी जखमी आहे. यौ५ यन्४ ख्वन्३ है२ यप्६ मिन्६, आत कुणी अडकलं आहे. घाबरलेल्या अवस्थेत आवाज आपोआप चढतो आणि सगळे स्वर उंच होऊन बसतात. म्हणून ही वाक्यं जिना चढून, धाप लागलेली असताना म्हणून पाहा. है२ म्हणजे 'अमुक ठिकाणी आहे' आणि है६ म्हणजे 'होय' किंवा 'आहे तो हाच'. धाप लागली की हीच जोडी सगळ्यात आधी बिघडते.

शेवटच्या सरावासाठी खरी घटना घ्या. १८ जून १९७२ ला मुसळधार पावसात हाँगकाँगमधल्या सौ३ मौ६ प्हिङ्४ इथे भरावाचा उतार घसरला आणि ७१ माणसं गेली. त्याच दिवशी पोशान रस्त्यावर डोंगर खचून इमारत पडली, तिथे ६७. या दिवसाला लुक्६ यत्१ पात्३ यू५ चॉइ१, 'सहा-एक-आठची पाऊस-आपत्ती' म्हणतात. २५ ऑगस्ट १९७६ ला सौ३ मौ६ प्हिङ्४ मध्येच पुन्हा उतार घसरला, १८ मृत्यू. भरावाची माती नीट दाबलेली नव्हती हे पुढे आलं, आणि १९७७ मध्ये उतारांवर देखरेख करणारी सरकारी कचेरी सुरू झाली. हीच गोष्ट पाच वाक्यांत सांगा, प्रत्येक वाक्यात माणूस थोडा पुढे आणत:

लॉक्६ ताइ६ यू५. मोठा पाऊस पडला.
सान्१ नै४ लम्३ लॉक्६ लै४. डोंगरमाती खाली आली.
ती१ नै४ मोउ५ आत्३ सत्६. माती दाबलेली नव्हती.
यौ५ यन्४ मोउ५ आत्३ सत्६ ती१ नै४. कुणीतरी माती दाबली नाही.
पिन्१ कॉ३ फू६ चाक्३? जबाबदार कोण?

तिसऱ्यावरून चौथ्या वाक्यावर जाताना जीभ अडखळते, कारण शब्द जवळपास तेच आणि क्रम बदललेला. ते दोनच सलग वीस वेळा म्हणा. मग १९९६ च्या २० नोव्हेंबरची का१ लेइ६ ताइ६ हा६ इमारतीची आग घ्या: लिफ्ट बदलण्याच्या कामात वेल्डिंग चालू होतं, आग लिफ्टच्या पोकळीतून वर गेली, पाचव्या पायरीची ठरली आणि ४१ जण गेले. तिची पाच वाक्यं स्वतः तयार करा, आणि चौथ्या वाक्यात यन्४ आहे ना, ते तपासा.